माझी नोंद, नानांची सही

माझं आयुष्यात सगळ्यात जास्त भलं ज्यांनी केलं, त्यांचं नाव पंढरीनाथ गायधनी. आईवडिलांचं नाव आधी घ्यायला हवं, हे मला कळतं. पण माझ्या वडिलांना विचारलं तरी ते हेच नाव सांगतील. नाशिकमध्ये दिंडोरी रोडच्या बाजूला ज्यांचं जाणंयेणं असेल, त्यांनी गायधनी नानांना एकदा तरी पाहिलेलं असणार. भर एप्रिलच्या उन्हात गुडघ्याखाली येणारा काळा रेनकोट घालून, टोपी कपाळापर्यंत ओढून, सायकलवरून जाणारा एक उंच म्हातारा माणूस आठवतो का? तेच ते.

नाना वेडे नव्हते. ते हवामानाचा अंदाज देत.

आसपासच्या काही गावांतल्या द्राक्षवाल्यांनी मिळून एक छोटं हवामान केंद्र चालवलं होतं. पत्र्याची एक खोली, पुढे तारेच्या कुंपणातला गवताचा चौकोन, त्यात पाऊस मोजायचं भांडं आणि थर्मामीटर ठेवलेली पांढरी लाकडी पेटी. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले नाना तिथले प्रमुख होते. रोज संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या आवाजातला अंदाज शेतकऱ्यांच्या मोबाईलवर जाई. तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपासून चोवीस तासांसाठी असे; त्या पुढच्या सकाळी साडेआठला त्याची मुदत संपे. आणि नानांचा नियम असा होता, की दिलेला अंदाज मुदत संपेपर्यंत स्वतःच्या अंगावर घालायचा. पाऊस सांगितला असेल तर रेनकोट, थंडीची लाट सांगितली असेल तर माकडटोपी. कोरडं सांगितलं आणि पाऊस आला, तर आडोशाला उभं राहायचं नाही. सरळ भिजायचं.

त्यांच्या भाचीचं लग्न गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर होतं. आदल्या दिवशी नानांनी वादळी पाऊस सांगितला होता. लग्नाच्या दिवशी ऊन असं, की मांडवातले पंखेसुद्धा गरम हवा फेकत होते. नाना रेनकोटात आले. नवऱ्या मुलाच्या वडिलांना वाटलं, हे अग्निशमनवाले आहेत. त्यांनी हात जोडून विचारलं, "आग लागलीय का कुठे?"

नानांच्या बहिणीला रडू यायचं बाकी होतं. "नाना, फोटोपुरता तरी काढ रे. घाम बघ किती आलाय."

"मुदत साडेआठपर्यंत आहे."

"साडेआठला वरात निघून जाईल!"

"सकाळच्या साडेआठपर्यंत," नाना म्हणाले, आणि रेनकोटाच्या बाह्या वर सारून मठ्ठ्याचा दुसरा पेला घेतला. त्या लग्नाच्या अल्बममध्ये प्रत्येक सामुदायिक फोटोत मागच्या रांगेत एक काळा रेनकोट आहे.

त्यांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं. तरुणपणी इगतपुरीकडचं एक स्थळ बघायला गेले होते म्हणे. मुलीच्या वडिलांनी आपलं रीतीप्रमाणे विचारलं, "पोरीला सुखात ठेवाल ना?" नाना बराच वेळ विचार करून म्हणाले, "इतक्या लांबचं मला सांगता येत नाही." लाडू न खाताच परत यावं लागलं.

"सही कोणाची?" हा त्यांचा आवडता प्रश्न. व्हॉट्सअॅपवर कोणी पाठवलं, 'येत्या बहात्तर तासांत ढगफुटी, सर्वांना कळवा', की नाना त्या माणसाला फोन लावत. "सही कोणाची आहे खाली? नाही? मग तुझी समजू का?" मिसळीच्या हॉटेलाबाहेर 'नाशिकची एक नंबर मिसळ' अशी पाटी दिसली, की आत जाऊन मालकाला हेच विचारायचे. मालक आधी हसला, मग चिडला, शेवटी त्याने पाटीखाली खरोखर सही केली. नाना त्यानंतर तिथेच मिसळ खायला जात. मिसळ काही खास नव्हती.

मी देवळा तालुक्यातला. वडील कांद्याच्या खळ्यावर हमाल. घरातला पहिला पदवीधर मी, भौतिकशास्त्र घेऊन. पदवीचा कागद वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, त्या पिशवीला आणखी एक पिशवी घालून ठेवला होता. नोकरी मात्र मिळत नव्हती. केंद्रात एका निरीक्षकाची जागा निघाली, तेव्हा मुलाखतीला आम्ही सात जण होतो. बाकीचे नाशिकच्या कॉलेजांतले, इस्त्रीच्या शर्टातले.

नानांनी एकालाही प्रश्न विचारला नाही. एकेकाला त्या पांढऱ्या पेटीपुढे उभं केलं आणि म्हणाले, "वाचा." माझ्या आधीच्या सगळ्यांनी झटकन आकडा सांगितला. माझा नंबर आला, तेव्हा मी टाचा उंच केल्या, तरी डोळे पाऱ्याच्या पातळीला पोचेनात. मी बुटका आहे.

"काय झालं?"

"साहेब, खालून पाहिलं तर आकडा चुकीचा दिसेल. स्टूल शे का?"

घाईत गावची बोली तोंडातून निघून गेली. मागचे दोघं हसले. नाना हसले नाहीत. आत जाऊन स्वतः स्टूल घेऊन आले. मी वाचून झाल्यावर म्हणाले, "शे म्हण, आहे म्हण, मला फरक पडत नाही. आकडा बरोबर म्हण. उद्यापासून ये."

त्या स्टुलावर उभं राहून मी घर वर काढलं. धाकट्या बहिणीचं नर्सिंग झालं. वडिलांचं ओझं उचलणं बंद झालं. हे सगळं नानांना कधी सांगायला गेलो, तर ते म्हणत, "ते राहू दे. वाटी बघितलीस?"

ही वाटी काय, ते सांगायला हवं. पेटीत दोन थर्मामीटर शेजारी शेजारी असतात. एक साधा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलीचा तुकडा गुंडाळलेला, आणि त्याची वात खालच्या पाण्याच्या वाटीत सोडलेली. ओल्या मलमलीतलं पाणी उडतं, म्हणून हा दुसरा थर्मामीटर कमी दाखवतो. दोघांत फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. फरकच नसेल, तर हवा दमट, गच्च. पण वाटीतलं पाणी संपलं, तर मलमल वाळते आणि दोन्ही थर्मामीटर सारखंच दाखवायला लागतात. म्हणजे हवा कोरडी असली तरी कागदावर ती गच्च दमट होते. आमच्या कामात यापेक्षा सोपी आणि यापेक्षा वाईट चूक नाही.

म्हणून रोज सकाळी मी "जय भीम, नाना" म्हटलं, की उत्तर यायचं, "जय भीम. वाटी बघितली?"

पहिलं वर्षभर माझं वाचून झालं, की नाना मागून येऊन स्वतः वाचत. एक शब्द बोलत नसत. त्यांचा आकडा आणि माझा आकडा जुळला की मान हलवत आणि आत जात. मला अपमान वाटायचा. मग एका जानेवारीत ते आपल्या खुर्चीवरून उठलेच नाहीत. मी वही पुढे ठेवली. त्यांनी न बघता सही केली.

"नाना, तुम्ही वाचणार नाही?"

"आजपासून तुझं वाचन ते माझं वाचन."

त्या दिवशी मी घरी फोन करून वडिलांना हे सांगितलं. त्यांना सगळं कळलं नाही, पण ते खूश झाले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती सकाळ आली. पंचवटीतून निघणारी माझी बस रखडली. निरीक्षण बरोबर साडेआठला घ्यायचं असतं. मी धावत पोचलो तेव्हा दोन मिनिटं उरली होती. स्टुलावर चढलो, दोन्ही आकडे वाचले, वहीत लिहिले. दोन्ही जवळजवळ सारखे होते. पेटीचं दार लावताना माझी नजर खाली गेली. वाटी कोरडी ठणठणीत होती. मलमल पापडासारखी वाळली होती.

पाणी घालून मलमल नीट भिजून पारा स्थिर व्हायला पंधरा मिनिटं लागतात. नानांचा नियम मला माहीत होता. उशिरा घेतलं तर उशिरा घेतलं असं लिहायचं. चुकलेला आकडा खोडायचा नाही, त्यावर एक रेघ मारून शेजारी खरा लिहायचा. त्या वहीत माझ्या नावापुढे तोपर्यंत एकही रेघ नव्हती. मी खिडकीकडे पाहिलं. नाना आत पाठमोरे बसले होते. मी वाटीत पाणी ओतलं, दार लावलं, आणि वही तशीच त्यांच्यापुढे ठेवली.

आभाळ नेमकं ढगाळ होतं. त्यामुळे आकडा शोभून गेला.

दुपारी नानांनी एकदा विचारलं, "हवा अगदीच गच्च आहे रे आज?"

"हो, नाना."

द्राक्षं काढणीच्या तोंडावर होती. परदेशात जाणाऱ्या मालावर औषधाचा अंश किती राहिला, याची तपासणी होते. त्या दिवसांत फवारलं, तर अंश राहतो आणि माल नापास होतो. म्हणून शेतकरी तेव्हा फवारायला धजत नाही. अगदी भरवशाच्या माणसाने सांगितलं, तरच फवारतो. पाच वाजता नानांच्या आवाजात संदेश गेला, की हवेत ओल फार आहे, बुरशीचा धोका मोठा आहे, बागेची काळजी घ्या. बऱ्याच जणांनी त्याच संध्याकाळी पंप काढले.

तिसऱ्या दिवशी नाना आठवड्याचा तक्ता काढत बसले होते. एका जागी त्यांचा पेन थांबला. त्यांनी दुसऱ्या एका केंद्रात फोन करून त्या सकाळचे आकडे विचारले. मग उठून बाहेर गेले, पेटी उघडली आणि कितीतरी वेळ त्या भरलेल्या वाटीकडे बघत उभे राहिले. आत येऊन म्हणाले, "पगारे, त्या दिवशी वाटीत पाणी होतं का?"

मी म्हणालो, "लक्ष गेलं नाही, नाना."

"बरं," ते म्हणाले. "माणसाचं जात नाही कधी कधी. मी उठून बघायला हवं होतं."

त्याच संध्याकाळी अंदाजाऐवजी नानांचा हा संदेश गेला. "मी पंढरीनाथ गायधनी. परवाचा इशारा चुकीच्या नोंदीवर दिलेला होता. हवा दमट नव्हती. ज्यांनी फवारणी केली, त्यांनी माझ्या शब्दावर केली. चूक माझी आहे."

दुसऱ्या दिवशी केंद्र चालवणाऱ्या समितीचे अध्यक्ष तावातावाने आले. "नाना, काय गरज होती? कोणाला कळलं होतं का? हवामान आहे, चुकतं. लोक धरूनच चालतात."

"अंदाज चुकणं वेगळं, साहेब. आभाळाने ऐकलं नाही, तर तो अंदाज चुकला. इथे आपण थर्मामीटरच नीट वाचला नाही."

"कोणी वाचला होता?"

मी दारात उभा होतो. नाना खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी वही अध्यक्षांपुढे सरकवली. "वाचलं कोणी, ते वहीत आहे. पण इशारा द्यायच्या आधी बाहेर जाऊन खात्री करणं हे सही करणाऱ्याचं काम. ती सही माझी."

अध्यक्षांनी वही उघडलीच नाही. मीही तोंड उघडलं नाही.

मग उत्तमआबा आले. मोहाडीच्या बाजूला त्यांची बाग, नानांचा अंदाज ऐकल्याशिवाय पाण्याची मोटर सुरू न करणारा माणूस. त्यांचा माल तपासणीत नापास झाला होता. तो कागद त्यांनी टेबलावर ठेवला. ओरडले नाहीत.

"नाना, घरातले नाय म्हणत व्हते. पोरगा पंपाच्या आडवा झाला. मी म्हणलं, नाना सांगतोय, मंग झालं. लय भरवसा व्हता ओ तुमच्यावर."

नाना म्हणाले, "हो."

निवृत्तीनंतर नानांना दर वर्षी मुदतवाढ मिळत असे. त्या वर्षी मिळाली नाही. आवारात खांबावर एक स्वयंचलित यंत्र आलं. त्याच्या सौर पट्टीवरची कबुतरांची घाण पुसणं आणि यंत्राने पाठवलेला मजकूर पुढे पाठवणं, हे माझं काम झालं. मजकूर असा असतो, 'हवामान मुख्यतः कोरडे राहील, तथापि पावसाची शक्यता नाकारता येत नाही.' खाली कोणाचं नाव नसतं. संध्याकाळी केंद्राचा फोन वाजत नाही. शेतकरी मोबाईलवर चार वेगवेगळे अंदाज बघतात आणि मग कशावरच विश्वास न ठेवता वर बघतात.

नाना देवळाली कॅम्पात बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहतात. लष्कराच्या तोफांचा सराव सुरू झाला, की गल्लीतले लोक विचारतात, "नाना, हा गडगडाट तुमच्या अंदाजात होता का?" मी मधल्या काळात तीनदा गेलो. तिन्ही वेळा खरं सांगायचं ठरवून गेलो. पहिल्यांदा त्यांनी चहा केला आणि बहिणीच्या नोकरीची चौकशी केली, दुसऱ्यांदा त्यांना ताप होता.

तिसऱ्यांदा गेलो, ते गेल्या महिन्यात. संध्याकाळ होती. बोलताना त्यांचं लक्ष सारखं घड्याळाकडे. सात वाजायला आले तसा त्यांनी मोबाईल चार्जरवरून काढला, उपरण्याने पुसला आणि गुडघ्यावर ठेवला. मी शब्द जुळवतच होतो, एवढ्यात फोन वाजला. नानांना आताशा कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज खोलीभर होता.

"काय नाना, आज हाय का दव पानावर? काढू का पंप?"

उत्तमआबा होते. आवाजात टोमणा उघड होता. नाना मात्र ताठ बसले. "वारा कुठून आहे तुमच्याकडे?"

"आता वारा इचारा! तवा इचारायचा ना!"

"तळ्याकडून आहे की डोंगराकडून?"

"डोंगराकडून हाय. काय करायचं हाय तुम्हाला?"

"मग सकाळी धुकं नाही. पाणी उद्या दुपारून द्या."

"मी काय इचारत नव्हतो," म्हणून पलीकडून फोन बंद झाला. नानांनी मोबाईल पुन्हा पुसला. त्यांचा चेहरा उजळला होता.

"रोज करतात?" मी विचारलं.

"रोज. बाकी कोणी करत नाही. मागे दोन दिवस आला नाही, तर माझं जेवणात लक्ष लागेना. मीच करणार होतो. पण करून विचारू काय? आज टोमणा का नाही?" ते थोडं हसले. मग म्हणाले, "पाणी मात्र देतो हो मी सांगितल्यावर. त्याच्या पोराने सांगितलं मला."

मी पाया पडून निघालो. तेव्हाही सांगितलं नाही. आता तर न सांगायला चांगलं कारणच मिळालं होतं. चूक कोणाची ते उत्तमआबांना कळलं, तर नानांना येणारा हा एकुलता एक फोनही बंद होईल.

पण समितीने ठरवलं, की यंत्राचा मजकूर कोणी ऐकत नाही, तर पुन्हा माणसाच्या आवाजात अंदाज द्यावा, आणि तो मी द्यावा. तसं मला कळवण्यात आलं. त्या दिवशी मी केंद्रात बसून हे पत्र लिहिलं आणि देवळालीला पाठवलं.

"ती. नानांना सविनय जय भीम.

समोर बसून तीनदा जमलं नाही म्हणून लिहितो. त्या सकाळी वाटी कोरडी होती, ते मी पाहिलं होतं. लक्ष गेलं नाही असं तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. आकडे लिहून झाल्यावर माझं लक्ष गेलं. मी पाणी ओतलं आणि वही तशीच तुमच्यापुढे ठेवली. त्या दुपारी हवा गच्च आहे का असं तुम्ही विचारलंत, तेव्हाही मी हो म्हणालो. तुम्ही उठून पाहिलं नाहीत हा दोष तुम्ही स्वतःकडे घेतलात. पण तुम्ही उठला असतात, तरी वाटी तुम्हाला भरलेलीच दिसली असती. ती मी भरली होती.

मी घाबरलो होतो, एवढंच कारण आहे. माझं वाचन ते तुमचं वाचन, असं तुम्ही म्हणून तीन आठवडेच झाले होते. ते जाईल, या भीतीने मी ते घालवलं.

वहीत त्या तारखेच्या आकड्यावर मी आज एक रेघ मारली आहे. शेजारी खरा आकडा लिहिता आला नाही, कारण तो मी घेतलाच नव्हता. तिथे 'निरीक्षण झाले नाही' असं लिहून माझं नाव घातलं आहे. समितीला हेच सगळं लेखी दिलं आहे. सोमवारपासून अंदाज मी द्यावा असं त्यांनी ठरवलं होतं. आता ते काय ठरवतील, माहीत नाही. वडिलांना अजून सांगितलेलं नाही, रविवारी गावी जाऊन सांगेन.

उद्या मी मोहाडीला उत्तमआबांकडे जातो आहे. त्यानंतर ते तुम्हाला फोन करणार नाहीत, असं मला फार वाटतं. या एका गोष्टीसाठी मी महिनाभर थांबलो, पण त्यांना खोट्यात ठेवून तुमची सोबत राखणं तुम्हाला चाललं नसतं.

त्यांचा फोन बंद झाला, तर सात वाजता मी करीन. उचलायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

आपला,
पगारे"